बादलीतले चेंडू

बसा, दर्णेसाहेब. आधी हात दाखवा.
भविष्य नाही सांगत,
ग्लोव्ह कुठं झिजलाय तेवढं बघते.
अंगठ्याशी भोक, म्हणजे दांडा आवळता तुम्ही,
क्रॉफर्ड मार्केटात नवखा माणूस पाकीट आवळतो तसा.

या बादलीत सोड्याचं पाणी.
एकशे दहा चेंडू रात्रभर भिजलेत,
काल सातव्या होलच्या तळ्यातून निघाले.
माझा भाऊ शंभू काढतो, पायाच्या बोटांनी.
म्हणतो, दगड गप्प बसतो,
चेंडू बोटाखालून सटकायला बघतो.

ती पाटी वीसवाल्यांची.
वर्षभर पाण्यात राहिलेले, वरून गोरे,
आतून पार मेलेले. सरावाला न्या,
नाहीतर पाहुणे आले की त्यांना द्या.

हा नको. हा तीन थरांचा, मऊ सालीचा.
टीव्हीवर जिंकणारे हाच मारतात
म्हणून आलात ना इथवर, चेंबूरच्या उन्हात?
तो दाबला गेला तरच ऐकतो, साहेब.
तुमचा दांडा त्याला दाबत नाही,
नुसती हाक मारून पुढं जातो.
ग्रीनवर पडला की थांबतो, हे खरं.
पण पडायला हवा ना ग्रीनवर.

बाबा एकवीस वर्षं पिशव्या वाहत होते.
दिवसभरात बोलायचे ते आकडेच.
एकशे चाळीस. सात नंबर.
माहुलकडनं वास आला की म्हणायचे,
वारा आहे, डावीकडं धरा.
एकदाच लांब बोलले, खंबाटासाहेबांशी.
मोतीबिंदू, वय ब्याऐंशी, चेंडू शोधण्यातच दुपार जायची.
बाबांनी खिशातून केशरी चेंडू काढला.
पोरासोरांचा, म्हणून क्लबात हसले सगळे.
पुढं ऑपरेशन झालं, खंबाटा पांढऱ्यावर गेले,
आणि तीन आठवड्यांत परत आले.
म्हणाले, आता तर समदाच दिसते, डिकरी,
गवत पन, कचरा पन, त्या लोकांचे चेहरे पन.
केशरीच दे.

शंभू? तो आत नाही खेळत,
खेळतो पाण्याच्या टाकीमागं, आमच्या गल्लीत.
बांधकामावरची सळई वाकवलेली,
मुठीला सायकलची ट्यूब.
पहिलं होल रंगाचा डबा,
दुसरं गटाराच्या झाकणाची फट,
तिसरं झुलेखाच्या दारातली डावी चप्पल, उजवी चालत नाही.
खरा चेंडू तिथं एकदाच मारला त्यानं.
पत्रा, मग पिंप, मग कुणाचा तरी कुकर,
मग परत पत्रा.
रात्री दहाला अख्खी गल्ली बाहेर.
आठशे रुपये भरले मी, हप्त्यानं.
तेव्हापासून प्लास्टिकचा, पोकळ.
वाऱ्यानं जातो कुठंही,
पण कुणाच्या भाताला लागत नाही.

तुम्ही घड्याळ बघताय. बरं.
हा धरा.
दोन थरांचा, जरा कडक, सरळ स्वभावाचा.
वाकडा मारलात तरी फार वाकडा जाणार नाही.
कापलेला नाही, सोललेला नाही,
जेमतेम महिनाभर पाण्यात असेल.
फिरवून बघा ना.
दोन हिरवी टिंबं आहेत, स्केचपेनची.

हो. तुमचीच.
मार्चमधल्या त्या रविवारी
जावयासमोर मारला होतात, आठवतं?
शंभू तळ्याच्या काठालाच होता.
त्यानंतर तुम्ही चार ब्रँड बदललेत,
माझ्याकडं हिशोब आहे सगळ्यांचा,
कारण सगळे इथंच येतात शेवटी.
चेंडू बरोबर होता, साहेब.
पाण्यात तो आपणहून नव्हता गेला.

साठ रुपये.
तुमचाच आहे हो, पण बुडी शंभूची आहे.
चला, पन्नास द्या.
आणि आवळू नका इतकं.